गोमध्ये डीडीडी: विचार सोडायचा की फोल्डर?

प्रश्न थोडक्यात असा. पत्र लिहिणारे वाचक सहा वर्षं जावा आणि तिच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कवर काम करून वर्षभरापूर्वी दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये आले. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळून दुधातले घन पदार्थ) यांवरून दर लावायचा, दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल काढायचं, असं काम. भाषा गो, डेटाबेस पोस्टग्रेस. त्यांनी सगळी रचना डोमेन-ड्रिव्हन डिझाइन, म्हणजे डीडीडी, या व्यवसायाच्या नियमांभोवती कोड रचण्याच्या पद्धतीप्रमाणे केली: डोमेन, ॲप्लिकेशन, इन्फ्रास्ट्रक्चर असे तीन फोल्डर, प्रत्येक टेबलाला एक एंटिटी (स्वतःची ओळख असलेली वस्तू) आणि एक रिपॉझिटरी (ती साठवणारं आणि आणणारं कोड), प्रत्येक स्ट्रक्टला (फील्डांच्या गटाला) एक इंटरफेस, वर गेटर-सेटर (फील्ड वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मेथड). आता एक कॉलम वाढवायचा तर सात फाइली उघडाव्या लागतात. 'सभासद' आणि 'बिल' ही पॅकेजं एकमेकांना इम्पोर्ट करू लागली तेव्हा कंपायलरने अडवलं, म्हणून सगळ्या एंटिटी एकाच 'मॉडेल्स' पॅकेजमध्ये नेल्या. पावत्यांची बेरीज आणि बिल यांत काही पैशांचा फरक येतो, आणि सकाळचं दूध कधी कधी आदल्या दिवसात जाऊन पडतं. टीममधले अनुभवी सहकारी म्हणतात, "हे जावाचं ओझं आहे. गोमध्ये डीडीडी चालत नाही, काढून टाका." वाचक विचारतात: डीडीडी सोडू, की गो?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात रचनेबद्दल दोन पानं आहेत आणि पैशांच्या फरकाबद्दल दोन ओळी. माझ्या मते खरा प्रश्न त्या दोन ओळींत आहे. उत्पादकाच्या हातात दहा दिवसांच्या वीस पावत्या आहेत, त्यांची बेरीज बिलाशी जुळत नाही, आणि तुमच्या तीन फोल्डरांपैकी एकालाही ते रोखता आलेलं नाही. डीडीडी नेमकं अशाच ठिकाणी उपयोगी पडायला हवं होतं. मग तुम्ही जे उभं केलं आहे ते डीडीडी आहे का, हे आधी तपासू. सोडायचं की नाही ते त्यानंतर.

ही पद्धत 2003 साली पुस्तकरूपाने मांडली गेली तेव्हा उदाहरणं जावात होती. गो भाषा जाहीर झाली 2009 मध्ये. त्यामुळे डीडीडी शिकताना आपण नकळत जावाचं सामानही सोबत शिकतो: क्लास, प्रायव्हेट फील्ड, गेटर, इंटरफेस आणि त्याला जोडलेला 'इम्प्ल', म्हणजे अंमलबजावणीचा क्लास. त्यातलं काहीही डीडीडीचा गाभा नाही. गाभा एवढाच, की व्यवसायाचे नियम एका जागी असावेत, ते व्यवसायातल्या माणसांच्या शब्दांत लिहिलेले असावेत, आणि त्यांना वळसा घालून कोणालाही डेटा बदलता येऊ नये. तुमचे सहकारी ज्याला विरोध करताहेत ते बहुधा सामान आहे, गाभा नाही. त्यांना एकदा थेट विचारून पाहा, "कपात बिलाच्या रकमेपेक्षा जास्त होऊ नये, हा नियम कुठे असावा?" तुमची दोघांची उत्तरं फार वेगळी येतील असं मला वाटत नाही.

आता गोकडे येऊ. जावात भिंत क्लासभोवती असते, गोमध्ये ती पॅकेजभोवती असते. नावाचं पहिलं अक्षर रोमन लिपीतलं मोठं असेल तर ते पॅकेजबाहेर दिसतं, लहान असेल तर दिसत नाही, आणि एकाच पॅकेजमधल्या सर्व फाइलींना एकमेकांचं सगळं दिसतं. याचा अर्थ असा, की तुम्ही सगळ्या एंटिटी 'मॉडेल्स'मध्ये नेल्या त्या दिवशी सगळ्या भिंती पाडल्या. सभासदाच्या कोडला बिलाची निव्वळ रक्कम थेट बदलता येते, आणि कंपायलर काहीही बोलणार नाही. इम्पोर्टचं चक्र गेलं खरं, पण ते चक्र म्हणजे तक्रार होती आणि तक्रारीत तथ्य होतं.

ते चक्र का झालं बघा. सभासदाच्या स्ट्रक्टमध्ये त्याच्या सगळ्या बिलांची स्लाइस (यादी) होती आणि बिलात पूर्ण सभासद होता. जावाने हे निमूट चालवून घेतलं असतं. गो म्हणतो, दोघांपैकी एकाने दुसऱ्याला ओळखायचं नाही. डीडीडीतला जुना नियमही तेच सांगतो: एका ॲग्रिगेटने (एकत्रच बदलायच्या डेटाच्या गटाने) दुसऱ्या ॲग्रिगेटला पोटात घेऊ नये, फक्त त्याचा ओळख क्रमांक ठेवावा. बिलात सभासद क्रमांक पुरतो. बिलावर नाव छापायचं असेल तर ते छपाईच्या वेळी वेगळ्या क्वेरीने आणा. ते वाचन आहे, त्याला ॲग्रिगेट लागतच नाही. गोमध्ये इम्पोर्टचं चक्र आलं की 'कॉमन', 'टाइप्स', 'मॉडेल्स' अशी पॅकेजं काढून ते मिटवू नका. सीमा चुकली आहे असं समजा आणि ती कुठे चुकली ते शोधा.

म्हणून पॅकेजं थरांनुसार न करता विषयांनुसार करा. मुळाशी 'इंटर्नल' नावाची डिरेक्टरी, तिच्यात 'संकलन', 'दर', 'बिल', 'सभासद'. 'इंटर्नल'मधलं कोड त्या डिरेक्टरीच्या पालक झाडाबाहेरून इम्पोर्ट होत नाही, हे गोचं टूल स्वतः पाहतं. हीच युक्ती आतही चालते. बिलाचं पोस्टग्रेसचं कोड बिलाखालच्या स्वतंत्र पॅकेजमध्ये ठेवा. तेच बिलाच्या पॅकेजात राहिलं तर लहान अक्षराची सगळी फील्ड त्याला उघडी पडतात. लहान विषयासाठी काही टीम मुद्दाम तसं करतात आणि ते चालतं, फक्त आपण काय सोडतो आहोत हे माहीत असावं.

आणि सगळ्याच विषयांना सारखी वागणूक देऊ नका. तुमच्या पत्रातलं सर्वांत मोठं गृहीतक मला हेच वाटलं. गावांची यादी, केंद्रांचे पत्ते, सभासदाचा मोबाइल नंबर यांत नियम जवळजवळ नाहीत. तिथे मोठ्या अक्षराची फील्ड असलेला साधा स्ट्रक्ट, चार एसक्यूएल क्वेरी, किंवा एसक्यूएलसीसारख्या टूलने तयार केलेलं कोड पुरेसं आहे. एंटिटी नको, रिपॉझिटरी इंटरफेस नको. तुमच्या सात फाइलींपैकी बऱ्याचशा इथेच गळतील आणि सहकाऱ्यांची निम्मी तक्रार संपेल. डीडीडीची मेहनत दर आणि बिल यांच्यासाठी राखून ठेवा.

बिलाच्या आत काय असावं? आज तुमच्याकडे सर्व्हिस बिलाची एकूण रक्कम गेटरने घेते, कपातींची बेरीज करते आणि निव्वळ रक्कम सेटरने लिहिते. हे तीन ठिकाणी होत असेल तर नियमही तीन आहेत. त्याऐवजी बिलावर 'कपात करा' अशी एकच मेथड असू द्या. पशुखाद्याचे 1,800 रुपये आणि उचलीचे 2,000 रुपये कापायचे आहेत आणि बिल 3,200 रुपयांचं आहे. मग आधी काय कापायचं, निव्वळ रक्कम शून्याखाली कशी जाऊ द्यायची नाही, आणि उरलेले 600 रुपये पुढच्या बिलात कसे न्यायचे, हे त्या मेथडने ठरवावं. सेटर एकही नको. गेटर हवा तिथेच, आणि नावात 'गेट' न लावता. गोमध्ये तसाच रिवाज आहे. कपातींची स्लाइस बाहेर देताना तिची प्रत द्या. नाहीतर घेणारा तुमच्या बिलातलीच ओळ बदलू शकतो. 1.21 आवृत्तीपासून स्टँडर्ड लायब्ररीत 'स्लाइसेस' पॅकेजमध्ये 'क्लोन' आहे, ते वापरा.

आता पैशांचा फरक. रक्कम फ्लोटमध्ये ठेवली असेल तर आधी ते बंद करा. 7.35 लिटर दूध, दर 34.50 रुपये. गुणाकार 253.575, म्हणजे नेमका अर्धा पैसा. फ्लोटमध्ये हा आकडा तंतोतंत बसत नाही, किंचित वर किंवा किंचित खाली जातो, आणि तो कुठे राउंड होईल हे व्यवसायाच्या हातात राहत नाही. दूध मिलिलिटरमध्ये आणि दर पैशांत, दोन्ही 64 बिटांच्या पूर्णांकात ठेवा: 7350 गुणिले 3450 म्हणजे 2,53,57,500. त्याला 1000 ने भागायचं. गोमध्ये पूर्णांकांचा भागाकार उरलेला भाग सरळ टाकून देतो, उत्तर 25,357 पैसे येईल. भागण्याआधी 500 मिळवले तर 25,358 येईल. यातलं बरोबर कोणतं ते प्रोग्रॅमरने ठरवायचं नाही. ते केंद्राच्या सचिवांना विचारा आणि त्यांचं उत्तर एकाच फंक्शनमध्ये लिहा.

तरीही फरक उरू शकतो, कारण राउंडिंग कधी करायचं हाही नियमच आहे. पावतीवर प्रत्येक वेळच्या दुधाची रक्कम पैशापर्यंत छापता, आणि बिलात मात्र न राउंड केलेल्या रकमांची बेरीज करून शेवटी एकदा राउंड करता, असं बहुधा होत असावं. वीस पावत्यांत असा दहा पैशांपर्यंत फरक पडू शकतो. रक्कम लहान आहे, पण पावती हा उत्पादकाच्या हातातला पुरावा आहे. म्हणून राउंडिंग पावतीच्या वेळीच करावं आणि बिलाने त्या ठरलेल्या रकमांची फक्त बेरीज करावी, असं माझं ठाम मत आहे. त्याच कारणाने संकलनाच्या नोंदीत दरपत्रकाचा क्रमांक ठेवून थांबू नका, लागलेला दरही लिहून ठेवा. उद्या दरपत्रक बदललं तरी आजची पावती बदलता कामा नये.

फॅट, एसएनएफ, दूध, पैसे या सगळ्यांना स्वतःचे टाइप द्या. इथे गोची एक अडचण आहे. फॅटला नुसता पूर्णांकावरचा नवा टाइप केलात तर कोणीही त्यात 350 हा कच्चा आकडा देऊ शकतं आणि ते कंपाइल होतं. आत एकच लहान अक्षराचं फील्ड असलेला स्ट्रक्ट करा, आणि तो बनवण्यासाठी मर्यादा तपासून एरर देणारं फंक्शन. 3.5 फॅट आत 35 म्हणून राहील. असे छोटे स्ट्रक्ट दुहेरी बरोबरच्या चिन्हाने थेट ताडता येतात, मूल्य म्हणून पास होतात, वेगळी 'इक्वल्स' लिहावी लागत नाही. व्हॅल्यू ऑब्जेक्टच्या, म्हणजे फक्त मूल्यावरून ओळखायच्या अशा टाइपच्या, बाबतीत गो जावापेक्षा सोपा आहे.

पण झीरो व्हॅल्यूपासून, म्हणजे काहीच न भरता मिळणाऱ्या मूल्यापासून, सुटका नाही. फील्ड कितीही लपवलीत तरी बाहेरून कोणीही रिकाम्या कंसांनी मोकळं बिल तयार करू शकतं, तुमचा कन्स्ट्रक्टर वगळून. जावातून येणाऱ्यांना हे खुपतं. मग ते टाइप लपवतात आणि बाहेर इंटरफेस देतात, आणि जुनं ओझं परत येतं. तसं करू नका. झीरो व्हॅल्यूला अर्थ देता येत असेल तर द्या: शून्य पैसे हे खरंखुरं मूल्य आहे. शून्य फॅट तसं नाही, म्हणून दर शोधणाऱ्या फंक्शनने त्यावर एरर द्यावी. बिलाच्या बाबतीत, सेव्ह करताना ओळख क्रमांक रिकामा असेल तर नकार द्यावा. एवढं पुरतं. रिकामं बिल डेटाबेसपर्यंत पोचलं नाही म्हणजे झालं.

लपवलेल्या फील्डचा दुसरा परिणाम जेसॉनमध्ये दिसतो. स्टँडर्ड लायब्ररी लहान अक्षराची फील्ड न सांगता वगळते, एपीआयमधून रिकामे महिरपी कंस बाहेर येतात, आणि घाईत कोणीतरी सगळी फील्ड मोठ्या अक्षराची करून टाकतं. बहुतेक गो प्रकल्पांत डोमेनची भिंत इथेच पडते. एपीआयसाठी वेगळा स्ट्रक्ट, टेबलाच्या ओळीसाठी वेगळा, आणि मधे रूपांतराची साधी फंक्शनं लिहा. पुनरुक्ती होते, हे खरं. बिलासाठी ती परवडते, गावांच्या यादीसाठी नाही. डेटाबेसमधून बिल परत उभं करायला बिलाच्या पॅकेजमध्ये स्वतंत्र फंक्शन ठेवा आणि त्यात नव्या बिलाचे नियम तपासू नका. गेल्या वर्षीची बिलं गेल्या वर्षीच्या नियमांनी बनली आहेत. आजचे नियम लावले तर ती उघडणारच नाहीत.

सकाळचं दूध आदल्या दिवशी पडण्याचं कारण मला जवळजवळ नक्की वाटतं. तुमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असणार. पहाटे पाचला भारतात मोजलेलं दूध यूटीसीत आदल्या दिवसाच्या रात्री साडेअकराचं असतं. साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद असा दिवस बदलते, आणि 11 तारखेच्या पहाटेचं दूध 10 तारखेला संपणाऱ्या बिलात शिरतं. टाइमझोनचं ठिगळ जागोजागी लावू नका. व्यवसायात 'क्षण' महत्त्वाचा नाही, 'संकलनाचा दिवस आणि शिफ्ट' महत्त्वाची आहे. वर्ष, महिना, दिवस आणि सकाळ किंवा संध्याकाळ एवढंच असलेला टाइप करा, क्षणापासून तो एकाच ठिकाणी, आशिया/कोलकाता या झोनने बनवा आणि पुढे सगळीकडे तोच फिरवा. बिलाच्या पॅकेजात 'टाइम डॉट नाऊ' कुठेही नको, वेळ बाहेरून द्या. आणि इमेज अगदी मोकळ्या कंटेनरवर बनवत असाल तर झोनची माहितीच तिथे नसते, झोन लोड करताना एरर येते. गो 1.15 पासून 'टाइम' खालचं 'टीझेडडेटा' पॅकेज इम्पोर्ट केलं की ती माहिती बायनरीत येते.

इंटरफेसबद्दल फार लिहीत नाही. गोमध्ये ते आपोआप पूर्ण होतात, म्हणून जो वापरतो त्याने आपल्यापुरता, दोन-तीन मेथडचा लिहावा. एकच अंमलबजावणी असलेले आणि कोणत्याही टेस्टला न लागणारे सगळे पुसून टाका.

ट्रान्झॅक्शनचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढच्याच आठवड्यात विचाराल. रिपॉझिटरीला 'शोध' आणि 'सेव्ह' अशा दोन मेथड दिल्या की दोघं जण एकच बिल एकदम उघडतात आणि दुसरा पहिल्याची कपात पुसतो. त्याऐवजी 'अपडेट' अशी एक मेथड ठेवा: तिला क्रमांक द्या आणि बिल घेऊन एरर परत करणारं फंक्शन द्या. ती ट्रान्झॅक्शन सुरू करील, ओळ 'फॉर अपडेट' लावून, म्हणजे कुलूपबंद करून, वाचील, तुमचं फंक्शन चालवील, एरर नसेल तर लिहून कमिट करील. एसक्यूएल सगळं तिच्या आत, नियम सगळे बिलाच्या आत. फक्त त्या फंक्शनमधून एसएमएस किंवा बँकेची विनंती पाठवू नका. तेवढा वेळ ओळ कुलूपबंद राहते, आणि कमिट फसलं तर एसएमएस मागे घेता येत नाही. पाठवायचा मजकूर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वेगळ्या आउटबॉक्स टेबलात लिहा, दुसरा वर्कर तो उचलून पाठवील. तो कधीतरी दोनदा पाठवील हे धरूनच चाला. बँकेच्या विनंतीला बिल क्रमांकावरून ठरणारी एकच खूण लावा, म्हणजे बँकेकडे दुसरी विनंती ओळखता येईल.

संकलनात मात्र वेगळा विचार हवा. 'शिफ्ट बंद झाल्यावर नोंद नको' हा नियम पाळायला पूर्ण शिफ्टच ॲग्रिगेट केली, तर प्रत्येक नोंदीसाठी शेकडो नोंदी लोड होतील आणि गर्दीच्या वेळी सगळे एकमेकांसाठी थांबतील. एक नोंद हेच ॲग्रिगेट ठेवा. नोंद घालताना शिफ्टची ओळ 'फॉर शेअर'ने, म्हणजे सामायिक कुलूप लावून, वाचा आणि शिफ्ट उघडी आहे का बघा. अशी अनेक वाचनं एकत्र चालतात. शिफ्ट बंद करणारा 'फॉर अपडेट' मागतो, चालू नोंदी संपेपर्यंत थांबतो, मग बंद करतो.

शब्दांचं राहिलं, आणि मराठीत काम करणाऱ्यांना ते नीट समजून घेणं गरजेचं आहे. गोमध्ये देवनागरी नावं चालतील असं वाटतं, पण मात्रा आणि वेलांट्या नावात चालत नाहीत, त्यामुळे बहुतेक शब्द लिहिताच येत नाहीत. जे येतात त्यांना मोठं अक्षर नसल्यामुळे ते पॅकेजबाहेर दिसत नाहीत. म्हणून रोमन लिपी आलीच. पण रोमन म्हणजे इंग्रजी नव्हे. 'उचल' आणि 'अनामत' या दोन्हींना घाईत एकच इंग्रजी शब्द लावला की एक उत्पादकाने फेडायची आणि एक त्याला परत मिळायची हा फरक पुसला जातो. असे शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे ठेवा, आणि त्यांचा अर्थ पॅकेजच्या डॉक कॉमेंटमध्ये मराठीत लिहा. कॉमेंटमध्ये देवनागरीला काहीच अडचण नाही.

सुरुवात बिलापासून करा, सगळं एकदम मोडू नका. केंद्राच्या हिशेबनिसांकडून विचित्रातली विचित्र पाच-सहा जुनी बिलं मागा: कपात जास्त झालेलं, मधेच दर बदललेलं, गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध असलेलं. ती तशीच टेबल टेस्टमध्ये, म्हणजे इनपुट आणि अपेक्षित उत्तर यांच्या यादीवर चालणाऱ्या टेस्टमध्ये, उतरवा. नवं बिलाचं पॅकेज स्टँडर्ड लायब्ररीतलं थोडंच इम्पोर्ट करील. त्यात 'डेटाबेस एसक्यूएल' किंवा 'नेट एचटीटीपी' शिरलं तर कोड तपासणाऱ्या गोलांगसीआय-लिंटमधल्या डेपगार्डने (इम्पोर्टवर नजर ठेवणाऱ्या तपासणीने) बिल्ड पाडावं, म्हणजे रिव्ह्यूत वाद घालावा लागत नाही. मग मागच्या एका पूर्ण दहा दिवसांच्या संकलनावर जुनं आणि नवं कोड दोन्ही चालवा आणि प्रत्येक सभासदाची निव्वळ रक्कम पैशापर्यंत ताडून पाहा. जिथे फरक येईल तिथे नवं कोड बरोबर आहे असं धरून चालू नका. ती यादी घेऊन सहकाऱ्यांना सोबत घ्या आणि दोघं मिळून हिशेबनिसांकडे जा.